केनियातली शिक्षणपद्धती कशी आहे? नैरोबीला तीन वर्षांसाठी बदली झाली तर सहावी संपवलेल्या मुलीला स्थानिक शाळेत घालावं का?

माझा मुलगा नैरोबीत केनियन अभ्यासक्रमाच्या खासगी शाळेत शिकतो, त्यामुळे पालकाच्या बाजूने सांगते.

नेटवर अजून '८-४-४'ची वर्णनं सापडतील. ती सोडून द्या. राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या काळात, १९८५ मध्ये आलेली ती पद्धत: आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ. आठवीअखेर केसीपीई नावाची ५०० गुणांची परीक्षा असायची आणि मूल नामांकित राष्ट्रीय शाळेत जाणार की जवळच्या साध्या शाळेत, हे त्या एका आकड्यावर ठरायचं. तेरा-चौदाव्या वर्षी! ती परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली.

आता गणित २-६-३-३-३ असं आहे. बालवाडीची दोन वर्षं, मग सहावीपर्यंत प्राथमिक, सातवी ते नववी ज्युनियर, दहावी ते बारावी सीनियर आणि पुढे विद्यापीठ. पालकांच्या तोंडी याला सीबीसी (क्षमताधारित अभ्यासक्रम) म्हणतात, सरकारने अलीकडे ते नाव बदलून सीबीई केलंय. दहावीतल्या प्रवेशासाठी नववीच्या परीक्षेला ६० टक्के, सहावीच्या परीक्षेला २० आणि सातवी-आठवीतल्या शाळेतल्या मूल्यमापनाला २० टक्के वजन. दहावीपासून तीन वाटा फुटतात: विज्ञान-तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं, कला-क्रीडा. पहिली तुकडी जानेवारी २०२६ मध्ये तिथे पोचली.

कल्पना मला मनापासून आवडते. मुलं हाताने करून शिकतात, वर्गात बोलतात. पण 'हाताने करून' म्हणजे बरेचदा आईबापांच्या हाताने. बुजगावणं बनवून आणा, अमुक रंगाचे कागद आणा, फोटो छापून आणा, आणि हे सगळं रात्री आठला कळतं! सरकारी शाळांचं दुखणं वेगळं. ज्युनियरचे वर्ग माध्यमिक शाळांत भरवायचं ठरलं होतं, ते २०२३ मध्ये ऐनवेळी प्राथमिक शाळांत ठेवले. तिथे प्रयोगशाळा कुठून असणार? शिक्षक कंत्राटी 'इंटर्न' म्हणून घेतले आणि २०२४ मध्ये ते संपावर गेले. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष किबाकींनी प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हा शाळा भरभरून वाहिल्या होत्या, पुढच्या वर्षी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबाही पहिलीत येऊन बसले होते. मुलं येतात हो, त्यांच्यासाठी वर्ग आणि शिक्षक मागे पडतात.

आता तुमचं. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रं असतात. तुम्ही मे-जूनमध्ये आलात तर मुलगी मधूनच वर्गात बसेल, बहुधा पुन्हा सहावीत, आणि वर्षअखेर तिच्यासमोर सहावीची राष्ट्रीय परीक्षा. त्यात किस्वाहिली, म्हणजे इथली स्वाहिली भाषा, आहे. लिपी रोमन, उच्चार सोपे, आपली मुलं बोलायला चटकन शिकतात; पण निबंध लिहिणं वेगळं. शाळेला स्पष्ट विचारा: थेट सातवीत घ्याल का, किस्वाहिलीत सवलत आहे का?

खरा पेच परतीचा आहे. सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, थेट दहावीत प्रवेश मिळवणं जिकिरीचं. मुलगी थेट सातवीत बसली आणि तीन वर्षं पुरी करून परतलात तर ती नेमकी तिथेच अडकेल. म्हणून मी दोनच पर्याय धरीन. परत जायचंच असेल तर आठवी संपताच, म्हणजे दोन वर्षांत, तिला भारतात पाठवायची तयारी ठेवायची. तेवढ्यापुरती चांगली खासगी सीबीसी शाळा पुरेशी आहे. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर पहिल्या दिवसापासून नैरोबीतलीच केंब्रिज या ब्रिटिश अभ्यासक्रमाची शाळा. फी कितीतरी पट जास्त, पण कंपनी भरत असेल तर विचारच करू नका. बदलीच्या करारात शाळेच्या फीचं कलम आहे का, हे सही करण्याआधी बघा. नंतर मागितलं तर सहसा मिळत नाही.