भाषा सुंदर, पण कादंबरीत काहीच घडत नाही. आवडली नाही तर मलाच साहित्य कळत नाही का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की मैत्रिणीने भेट दिलेली, सगळीकडे कौतुक झालेली कादंबरी तुम्ही नेटाने पूर्ण केली, वाक्यं खूप आवडली, पण शेवटच्या पानापर्यंत काहीच झालं नाही, आणि आता ती "कशी वाटली" विचारतेय तर तिला काय सांगायचं.

पहिलं म्हणजे तुम्हाला साहित्य कळतं. कळत नसतं तर वाक्यं सुंदर आहेत हे तरी कसं जाणवलं असतं? उलट ती आवडली म्हणूनच एवढं लागलंय. वाईट लिहिलेलं पुस्तक आपण पन्नास पानांवर बाजूला ठेवतो आणि विसरतो.

माझ्याबाबतीत हे अगदी अलीकडे झालंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पुस्तकाचं नाव नाही घेत, लेखकाची पहिलीच कादंबरी आहे. गिरगावातली जुनी चाळ पाडायची आहे, आई गेलीय, मुलगी बाहेरगावाहून येऊन आईची खोली रिकामी करते, एवढीच गोष्ट. मी स्वतः गिरगावात चाळीत वाढलेय, त्यामुळे पहिल्या पानापासून मी त्या पुस्तकाच्या बाजूनेच होते, बोरिवली स्लोमध्ये बसायला मिळालं की तेच उघडायचे. आणि लिहिलंय काय सुंदर! एका ठिकाणी ती मुलगी आईचं पितळी पातेलं हातात घेते, आतली कलई एकाच बाजूने जास्त उडालीय, आणि त्यावरून तिला आठवतं की आई डाव्या हाताने ढवळायची आणि सासूबाई समोर असल्या की मुद्दाम पळी उजव्या हातात घ्यायची. एवढ्याशा पातेल्यातून त्या बाईचा अख्खा संसार दिसला मला. ते पान मी परत परत वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं.

पण पुढे काय होतं बघा. भाऊ येतो. हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, त्यात बिल्डरचं संमतीपत्र. कॉटवर बसतो, फोल्डर उघडतो, आणि प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण चर्नी रोड स्टेशनच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं, चार पानं, प्रत्येक ओळ देखणी. परत खोलीत येतो तेव्हा भाऊ निघून गेलाय आणि चहाचा कप खाली ठेवलाय. तिने सही केली हे आपल्याला खूप पुढे, जाता जाता एका वाक्यात कळतं. मग वहिनी दागिन्यांचं विचारायला येते तेव्हाही तेच, शेजारच्या काकू काहीतरी जुनं सांगायला लागतात तेव्हाही तेच. दोन माणसं समोरासमोर येऊन खरं बोलणार असं वाटलं की लेखक खिडकीबाहेर बघायला लागतो. आणि नेमकी तिथेच भाषा सगळ्यात सुंदर असते!

माझी निराशा खरी इथे आहे. घटना कमी आहेत याचं मला काहीच वाटलं नसतं, पण घटना होत्या, दाराशी येऊन उभ्या होत्या, त्यांना आत घेतलं नाही. ज्याने चाळीचं रिडेव्हलपमेंट जवळून पाहिलंय त्याला माहितीये त्या एका कागदात काय काय असतं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते, म्हणजे एकेका सहीला भाव येतो. त्यात पागडीची, म्हणजे जुन्या भाडेहक्काची पावती मोठ्या काकांच्या नावावर आणि राहतोय धाकटा भाऊ, मग नवा फ्लॅट कोणाचा, भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव घालायचं की तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचं. आमच्याकडे याच्यावरून सख्खी भावंडं एका जिन्यावरून एकमेकांकडे न बघता उतरायची. त्या कादंबरीतल्या बहीणभावात काय बोलणं झालं असेल ते मला ऐकायचं होतं, आणि ज्या लेखकाला पातेल्याची कलई दिसते त्याला ते नक्की लिहिता आलं असतं. म्हणून जास्त राग येतो.

मी हे एका ग्रुपवर बोलले तर एकजण म्हणाला की आयुष्यात तरी रोज काय घडतं, ही शांत कादंबरी आहे, तशीच वाचायची. मला हे अजिबात पटत नाही. आयुष्यात रोज घडतं. कोणी नोकरी गेल्याचं घरी लपवतं, कोणी कोणाला हॉस्पिटलात भेटायला जायचं टाळतं. शांत पुस्तकं मलाही आवडतात. 'बनगरवाडी' घ्या, १९५५ची, व्यंकटेश माडगूळकरांची. व्हिलन नाही, रहस्य नाही, एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. पण त्याला काहीतरी हवंय. पोरं शाळेत यायला हवीत आणि आईबापांना तीच पोरं मेंढरांमागे हवीत, त्यामुळे एक पोरगं शाळेत येऊन बसलं तरी आपल्याला काहीतरी घडल्यासारखं वाटतं. किंवा विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ची. माणसं बोटीवर आहेत, डेकवर बसतात, जेवतात, बोलतात, प्रेमात पडतात, बाहेरून बघितलं तर प्रवासाशिवाय काय होतंय? पण मुंबई आली की चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावं लागणार, जर्मनीतून हाकललेल्या ज्यू मुलीला परत फिरायला जागाच नाही. त्यामुळे त्यांच्या साध्या गप्पासुद्धा आपण जीव मुठीत धरून वाचतो. घटना मोजायला गेलात तर दोन्ही पुस्तकांत फार नाहीत.

मी त्या गिरगावच्या कादंबरीची एक टेस्ट घेतली, तुम्हीही तुमच्या पुस्तकाची घेऊन बघा. मधली दोन प्रकरणं उलटसुलट वाचली, आधी नंतरचं मग आधीचं. काहीही फरक पडला नाही! पावसाचं प्रकरण आधी आलं काय नंतर आलं काय, मुलगी होती तशीच. 'रणांगण'मध्ये हे करूच शकत नाही, प्रत्येक दिवसागणिक हातातला वेळ कमी होत असतो. तुमच्या पुस्तकात प्रकरणं हलवल्यावर काहीतरी मोडतंय असं वाटलं, तर एकदा परत वाचा, कदाचित आत काहीतरी बदलत असेल जे पहिल्या वाचनात निसटलं, असंही होतं. पण नाहीच काही मोडलं तर तुमची तक्रार योग्य आहे, आणि परीक्षणात कितीही वेळा "तरल" आणि "संयत" लिहून आलं असलं तरी ती योग्यच राहते. हे शब्द भाषेबद्दल झाले, आणि भाषेबद्दल तुमची तक्रार नव्हतीच.

राहता राहिली मैत्रीण. तिला "छान आहे" म्हणून वाटेला लावू नका प्लीज, तिने चारशे रुपये घालून आणि तुमचा विचार करून पुस्तक निवडलंय, त्याला नीट उत्तर मिळायला हवं. आणि नुसतं "बोअर झालं" असंही नको, त्यातून तिला काहीच कळणार नाही. पुस्तक घेऊन बसा दोघी, तुम्हाला जे पान सगळ्यात आवडलं ते तिला दाखवा, मग ती जागा दाखवा जिथे तुम्ही कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबला होतात आणि कोणी बोललंच नाही. आणि तिला विचारा की तुला इथे काय दिसलं. मी माझ्या बहिणीशी असंच बोलले, तिला ती कादंबरी प्रचंड आवडलीय. तिचं म्हणणं की सही करताना त्या मुलीला स्वतःलाच तिथे थांबायचं नव्हतं, म्हणून आपल्यालाही थांबू दिलं नाही. मला अजून पटलेलं नाही, लेखकाने मग तिचं ते पळणं तरी दाखवायला हवं होतं असं मी म्हणते, आमचा वाद चालू आहे.