इंटरकूलर पाइप घरी बसवताय? मग आधी हे वाचा

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गरम झालेली हवा इंटरकूलरमध्ये थंड व्हायला पाठवतो; तिची ये-जा या पाइपांतून होते. बंपर काढण्याआधी नवे पाइप आतून तपासा. कापलेल्या टोकाशी ॲल्युमिनियमचा बारीक कीस अडकलेला असतो, आणि तो थेट इंजिनात जातो. कापड ओढून पुसा. पांढरं कापड काळं यायचं थांबेपर्यंत. जुन्या पाइपात तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, पण वाटीभर तेल निघालं तर आधी टर्बो बघून घ्या.

टोकाला उठावदार कडा नसलेला पाइप घेऊच नका. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आल्यावर पाइप जोडणारी सिलिकॉनची नळी सटकते ती इथेच. पाइप आणि नळी स्पिरिटने कोरडी करा. सहज सरकावं म्हणून ग्रीस लावलंत तर ती नंतरही सरकणारच. क्लॅम्प (नळी आवळणारी पट्टी) कडेच्या मागे, पाइपाच्या आतल्या बाजूला बसवा, कडेवर नाही. आपल्याकडे खारा वारा नि चार महिने पाऊस, तेव्हा क्लॅम्प स्टेनलेसचेच.

सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप जुळवा, मग आवळा. इंजिन हलतं, म्हणून पंखा आणि पट्ट्यापासून निदान १५ मिमी अंतर हवं. प्रेशर सेन्सरची रबरी रिंग तर हमखास विसरली जाते.

शेवटी टर्बोच्या तोंडाला झाकण लावून, रेग्युलेटरने हळूहळू, गाडीच्या नेहमीच्या बूस्टइतकीच हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे म्हणजे गळती. ती राहिली तर सेन्सरने आधीच मोजलेली हवा बाहेर जाते, काळा धूर येतो, ओढ कमी होते. गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या चढावर एक फेरी मारा. इंजिन थंड झालं की क्लॅम्प पुन्हा आवळा.