सीटी स्कॅनमधून लिव्हर वेगळं काढायचंय, पण स्प्लीन (प्लीहा), स्नायू, हार्ट सगळंच सोबत येतंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, पोटाच्या सीटीमधून लिव्हर वेगळं काढायचंय, थ्रेशोल्ड (म्हणजे ठरावीक आकड्यांमधलं तेवढंच ठेवायचं) लावून बघितला तर स्प्लीन, स्नायू सगळंच पांढरं होऊन येतंय, रीजन ग्रोइंग केलं तर हार्टपर्यंत गेलं, आणि लॅपटॉपला धड ग्राफिक कार्डही नाही, मग डीप लर्निंगला (उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या नेटवर्कला) हात घालावा की जुन्यावरच भागवावं. मी पुण्यात गेली आठ-नऊ वर्षं हेच काम करतोय, ऑपरेशनच्या आधी सर्जनला लिव्हरचं थ्रीडी मॉडेल आणि व्हॉल्यूम काढून द्यायचं, त्यामुळे प्रश्न वाचून हसूच आलं, माझा पहिला महिना अगदी असाच गेला होता.

आधी मीच एक विचारतो. थ्रेशोल्ड लावला तो कशावर? डायकॉम फाइलमधल्या, म्हणजे स्कॅनरमधून निघणाऱ्या मूळ फाइलमधल्या आकड्यांवर, की कुणीतरी त्यातून काढून दिलेल्या जेपीजीवर? कारण जेपीजी असेल तर तिथेच थांबा. जेपीजीमध्ये २५६ शेड असतात आणि त्याही कुणीतरी स्क्रीनवर बघायला सोयीच्या म्हणून ठरवलेल्या, मूळ आकडे त्यात कधीच मेलेले असतात. सीटीची सगळी मजा आकड्यांत आहे. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, हाड काहीशेच्या पुढे. ही हाउन्सफील्ड युनिट. ज्याच्या नावाने ती आहेत त्या गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिला पेशंट स्कॅन झाला, तेव्हा चित्र होतं ८० बाय ८० चौकटींचं, आज तुमच्याकडची एकेक स्लाइस, म्हणजे शरीराचा एकेक आडवा काप, ५१२ बाय ५१२ ची असते. आणि डायकॉमच वापरत असाल तर हे बघा की फाइलमधल्या आकड्याला स्लोपने गुणून त्यात इंटरसेप्ट मिळवलाय का, हे दोन्ही आकडे त्याच फाइलमध्ये लिहिलेले असतात. इंटरसेप्ट बऱ्याचदा उणे १०२४ असतो, तो मिळवायचा राहिला तर पाणी ० ला न येता १०२४ ला येतं आणि मग माणूस रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. अनुभवाचे बोल आहेत.

हे सगळं बरोबर केलं तरी तुमचं स्प्लीन येणारच, तो दोष तुमचा नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अवयव उजळवायला शिरेतून देतात ते औषध, न दिलेल्या स्कॅनमध्ये लिव्हर साधारण ५० ते ६०, स्प्लीन ४५-५०, स्नायूही तिथेच घुटमळतात, रक्त ४० च्या आसपास. थ्रेशोल्ड म्हणजे चाळणी, आणि इथे गहू नि खडे एकाच मापाचे आहेत, चाळून काय होणार. कॉन्ट्रास्ट दिल्यावर पोर्टल फेजला, म्हणजे ते औषध लिव्हरमध्ये पोचतं तेव्हा, लिव्हर शंभरच्या पुढे उजळतं खरं, पण स्प्लीनही त्याच्यासोबत उजळतं. हाड काढायचं असेल, फुप्फुस काढायचं असेल तर थ्रेशोल्ड झकास आहे, पोटातल्या मऊ अवयवांना नाही.

मग रीजन ग्रोइंग. लिव्हरमध्ये एक क्लिक करायचं, तिथून शेजारचे जे व्हॉक्सेल (स्कॅनमधले बारीक ठोकळे, प्रत्येकाला एक आकडा) आकड्याने जवळचे असतील ते घेत जायचं, टीपकागदावर शाई पसरते तसं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रीनवर लिव्हर छान हिरवं भरत गेलं, मी खूश, आणि मग ते वर सरकायला लागलं, हिपॅटिक व्हेनमधून, म्हणजे लिव्हरच्या शिरेतून, आयव्हीसी या हार्टकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत, आयव्हीसीतून थेट हार्टच्या उजव्या कप्प्यात, आणि तिथून काय, रस्ता मोकळाच. तुमचंही हेच झालंय. एक बारीकशी वाट मिळाली की संपलं. त्यावर जुना उपाय म्हणजे मास्क, म्हणजे लिव्हर म्हणून निवडलेला भाग, आधी सगळीकडून थोडा सोलायचा, म्हणजे अशा अरुंद वाटा तुटतात, मग सगळ्यात मोठा तुकडा ठेवून परत तेवढाच फुगवायचा. काम होतं, पण लिव्हरच्या डाव्या लोबचं टोक पातळ असतं, तेही सोलण्यात जातं आणि परत येत नाही. काही लोकांचा डावा लोब इतका लांब असतो की स्प्लीनला जाऊन टेकतो, तिथे तर कुठलीच युक्ती चालत नाही.

बाकी जुन्या पद्धतीही प्रोजेक्ट रिपोर्टसाठी माहीत हव्यात. वॉटरशेड म्हणजे आपलं पाणलोट, अक्षरशः तेच गणित, कडा म्हणजे डोंगरधारा आणि कुठलं पाणी कुठल्या खोऱ्यात जातं ते बघायचं. १९८८ चे स्नेक्स, म्हणजे कडेला जाऊन चिकटणारं रबर बँड. ग्राफ कटमध्ये तुम्ही दोन रेघा मारायच्या, ही आतली, ही बाहेरची, आणि मधली सगळ्यात स्वस्तात तुटणारी सीमा तो शोधतो, हे मला अजूनही आवडतं. ॲटलसमध्ये आधीच आखलेल्या एका शरीराचा नकाशा ताणून-दाबून नव्या पेशंटवर बसवायचा, मेंदूसाठी हे फार चाललं कारण मेंदू डोक्यात जागचा हलत नाही, पोटात मात्र प्रत्येकाचं सामान वेगळं लावलेलं असतं. नीट बघितलं तर या सगळ्यांत करायचं एकच होतं, आकड्यांत नसलेली माहिती बाहेरून आणून द्यायची. कडा गुळगुळीत असते, लिव्हर उजवीकडे असतं, एकच असतं. हे कॉम्प्युटरला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

एक गंमत दाखवतो, ही मला कुठल्या क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती. लिव्हरचा वरचा घुमट जिथे फुप्फुसाला लागतो तिथे एखादा व्हॉक्सेल धरा ज्यात ८० टक्के लिव्हर आहे आणि २० टक्के फुप्फुस. लिव्हर ६०, फुप्फुस उणे ८००. हिशोब करा, ४८ वजा १६०, म्हणजे उणे ११२. म्हणजे चक्क चरबीचा आकडा! तिथे चरबीचा कणही नाही. स्लाइस ५ मिलिमीटरची जाड असेल तर असे खोटे व्हॉक्सेल सगळ्या घुमटावर थर लावून बसलेले असतात, वर पेशंटने श्वास नीट रोखला नसेल तर विचारूच नका. त्यामुळे लिव्हरची कडा नेमकी कुठे असं विचारलं तर उत्तर एका आकड्यात नसतं. जमलं तर १ ते १.५ मिलिमीटरचे स्कॅन घ्या, अर्धी डोकेदुखी तिथेच कमी होते. आणि कुणी एमआरआय घे म्हटलं तर सध्या नको म्हणा. एमआरआयमध्ये आकड्याला असं ठरलेलं एकक नसतं, तोच माणूस दुसऱ्या मशीनवर गेला की आकडे बदलतात, आणि एकाच चित्रात एका बाजूला उजेड आणि दुसरीकडे अंधार असाही प्रकार असतो.

आता डीप लर्निंग. २०१५ मध्ये जर्मनीच्या फ्रायबुर्ग युनिव्हर्सिटीतल्या रोनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स या तिघांनी यू-नेट नावाचं नेटवर्क काढलं, आणि विशेष म्हणजे मायक्रोस्कोपच्या ज्या चित्रांवर त्यांनी ते दाखवलं त्यात ट्रेनिंगला फक्त ३० चित्रं होती, तीच रबरासारखी वाकडीतिकडी ताणून वाढवली. कल्पना सोपी आहे. सिंहगडावर चढलात की वरून कुठे काय आहे ते कळतं, धरण तिकडे, शहर इकडे, पण आपल्या घराचं दार काही दिसत नाही. नेटवर्कही चित्र लहान लहान करत वर जातं, त्यात त्याला काय आहे ते कळतं आणि नेमकं कुठे आहे ते हरवतं. म्हणून चढताना प्रत्येक वळणावर एक फोटो काढून ठेवायचा आणि उतरताना त्याच वळणावर तो फोटो हातात घ्यायचा. ते फोटो म्हणजे स्किप कनेक्शन. (गड चढून उतरायचा म्हणजे यू उलटा झाला, पण चालवून घ्या.) म्हणून स्प्लीन आणि लिव्हरचा आकडा सारखा असला तरी त्याला फरक करता येतो, कारण तो फक्त आकडा बघत नाही, आजूबाजूला बरगडी कुठे, मणका कुठे, किडनी कुठे हे सगळं बघतो.

पण ही माहिती त्यात येते कुठून, तर माणसांनी हाताने मारलेल्या रेघांतून. आमच्याकडे एक रेडिओलॉजिस्ट मॅडम यायच्या, पेन टॅब्लेटवर स्लाइस बाय स्लाइस कडा आखायच्या. एका लिव्हरला पातळ स्लाइस असतील तर दोनशेच्या घरात स्लाइस होतात, तासन्‌तास जातात. सुरुवातीला मी दोन डॉक्टरांकडून तेच स्कॅन आखून घेतले आणि जुळेचनात. भांडण कशावरून, तर आयव्हीसी लिव्हरच्या मागे जिथे जवळजवळ आत रुतलेली असते तिथे एकाने ती आत धरली, दुसऱ्याने बाहेर. मी मॅडमना विचारलं खरं कुठलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला काय मोजायचंय ते आधी सांगा, मग रेघ कुठे मारायची ते मी सांगते." हे तुमच्याही बाबतीत खरं आहे. आपल्याकडे बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरवर होतात, त्यात डोनरकडे उरणारं लिव्हर साधारण ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली जायला नको आणि पेशंटला मिळणारा तुकडा त्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी हवा, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. तिथे मोठी शीर आत धरली की बाहेर यावर निर्णय इकडचा तिकडे होऊ शकतो.

आणि मार्क कसे देणार हेही आत्ताच ठरवा. सगळे डाइस स्कोअर छापतात, म्हणजे तुमचा मास्क आणि डॉक्टरांचा मास्क यांचा सामायिक भाग दुप्पट करून दोघांच्या बेरजेने भागायचा. गाइडला ०.९७ दाखवलं की ते खूश होतील. पण करून बघा, १५०० मिलिलिटरचं लिव्हर आहे, त्यात कडेला सुपारीएवढा, म्हणजे १० मिलिलिटरचा ट्यूमर आहे, आणि मॉडेलने तो लिव्हर नाही म्हणून बाहेर टाकला. डाइस येतो ०.९९७. ज्याच्यासाठी स्कॅन काढला तेच गायब आणि मार्क ९९. म्हणून सोबत हाउसडॉर्फ डिस्टन्स द्या, म्हणजे सगळ्यात वाईट जागी कडा किती मिलिमीटर चुकली ते कळतं, आणि सगळ्यात वाईट पाच केसेस स्वतः डोळ्याने उघडून बघा. हे प्रोजेक्टमध्ये कुणी करत नाही, तुम्ही केलंत तर व्हायवात फरक पडेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, करायचं काय. लिट्स नावाचा २०१७ चा डेटा फुकट मिळतो, त्यात ट्रेनिंगचे १३१ सीटी आहेत, लिव्हर आणि ट्यूमर दोन्ही आखलेले. निरोगी लिव्हर हवं असेल तर केऑस म्हणून एक डेटा आहे, त्यातले सीटी संभाव्य डोनर लोकांचेच आहेत. तुमच्या लॅपटॉपवर थ्रीडी यू-नेट शून्यातून ट्रेन होणार नाही, त्या भानगडीत पडू नका. बासेलच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधल्या लोकांनी २०२३ मध्ये टोटल सेगमेंटेटर दिलंय, १२०४ सीटी वापरून अवयव, हाडं, स्नायू आणि रक्तवाहिन्या मिळून १०४ भाग वेगळे करणारं, आणि त्याचा ३ मिलिमीटरचा फास्ट मोड ग्राफिक कार्डाशिवाय नुसत्या सीपीयूवरही चालतो, फक्त वेळ काढून बसा. ते खालून चालतं एनएन-यूनेटवर, ते हायडलबर्गच्या कॅन्सर रिसर्च सेंटरचं. त्याच्यासमोर तुमचं रीजन ग्रोइंग आणि ग्राफ कट ठेवा, तिन्ही पद्धती त्याच वीस पेशंटवर चालवा आणि कुठली कुठे आणि का फसते ते दाखवा. मला विचाराल तर कुणाचं तरी नेटवर्क डाउनलोड करून ०.९६ आणण्यापेक्षा हा प्रोजेक्ट कितीतरी चांगला. स्वतः काही ट्रेन करायचंच असेल तर टूडी यू-नेट घ्या, ऑनलाइन फुकट मिळणाऱ्या जीपीयूवर (ग्राफिक कार्डावर) होतं, पण ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी पेशंटप्रमाणे करा, स्लाइसप्रमाणे नको. त्याच पेशंटची ५७ वी स्लाइस ट्रेनिंगमध्ये आणि ५८ वी टेस्टमध्ये म्हणजे पेपर फुटल्यासारखंच. बघायला थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप, दोन्ही फुकट.

शेवटचं, माझी फजिती. एकदा मॉडेलने एका पेशंटचं लिव्हर म्हणून स्प्लीनच आखून दिलं आणि लिव्हरमध्ये नुसते ठिपके. मला वाटलं सायटस इनव्हर्सस सापडला, अवयव आरशासारखे उलट, साधारण दहा हजारांत एक असतो म्हणतात, मी उत्साहाने मॅडमना फोन लावला. त्यांनी मूळ डायकॉम उघडला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "पेशंट अगदी सरळ आहे, तुमची फाइल उलटी आहे." डायकॉम आणि निफ्टी (संशोधनात वापरतात तो दुसरा फाइल प्रकार) हे डावं-उजवं उलट दिशेने मोजतात, आणि माझ्या कन्व्हर्टरमध्ये एक वजाचं चिन्ह राहिलं होतं. तेव्हापासून नवा डेटा आला की आधी कोरोनल व्ह्यू, म्हणजे समोरून दिसणारा उभा काप, उघडतो आणि हार्टचं टोक कुठल्या बाजूला आहे ते बघतो, मग बाकीचं.