हिरवा ठिपका गेला म्हणून त्याच संध्याकाळी विकू नका

सलाम. तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच जुने दिवस आठवले. तुम्हाला आयपीओत, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्या विक्रीत, शेअर लागले तेव्हा ॲपवर 'शरीयतला धरून' असा हिरवा ठिपका होता. सात आठवड्यांत भाव 15 टक्के उतरला, ठिपका लाल झाला, आणि दुसऱ्या ॲपवर तो अजून हिरवाच आहे. तोट्यात विकू का, आणि ठेवले तर पाप माझ्या माथी का, असं तुम्ही विचारलंय.

आधीच सांगतो, मी मुफ्ती नाही, सल्लागारही नाही. बारा-तेरा आयपीओंत हात पोळलेला साधा गुंतवणूकदार आहे. दारू, जुगार, व्याजी बँका का वगळतात हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडून थेट अपूर्णांकावर, म्हणजे व्याजी कर्ज कंपनीच्या आकारमानाने भागण्यावर येतो, कारण सगळी भानगड तिथे आहे.

तुम्ही दिलेले आकडे सोपे करून मांडतो. आयपीओच्या किमतीने कंपनीचं बाजारमूल्य (सगळ्या शेअरांची मिळून किंमत) 100 धरलं, तर व्याजी कर्ज 27 आणि एकूण मालमत्ता 70. बहरीनच्या आयोफी या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या 21 व्या शरीयत मानकात व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांवर जाऊ नये असं आहे. लिस्टिंगच्या दिवशी (शेअर बाजारात आला त्या दिवशी) 27 टक्के, म्हणजे पास. भाव उतरून बाजारमूल्य 85 झालं, कर्ज तेवढंच, आता जवळजवळ 32 टक्के. नापास. कंपनीने एक पैसा नवा उचलला नाही, कारखाना तोच, मालक तेच, फक्त खालचा आकडा आकसला. तुमचं दुसरं ॲप बहुधा 33 टक्क्यांची रेघ धरत असेल. डाऊ जोन्सच्या इस्लामिक निर्देशांकांत तीच आहे, आणि भागाकार मागच्या 24 महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्याने होतो. ही सरासरी भावाचे हेलकावे शोषून घेते. पण सात आठवड्यांच्या कंपनीजवळ 24 महिने येणार कुठून? नव्या शेअरला ती गादी मिळतच नाही, प्रत्येक आपटी थेट हाडाला लागते.

आता तिसरी गंमत. निर्देशांक काढणारी आणखी एक कंपनी म्हणजे एमएससीआय, तिची मूळ इस्लामिक मालिका बाजारमूल्य बघतच नाही, एकूण मालमत्तेने भागते आणि रेघ 33.33 टक्क्यांवर ठेवते. त्या हिशेबाने 27 भागिले 70, म्हणजे साडेअडतीस टक्के. तुमचा शेअर पहिल्या दिवसापासूनच नापास! एकच कंपनी, एकच तारीख आणि तीन निकाल. यात कुणी खोटं बोलत नाहीये. आयपीओत भाव चढा लावलेला असतो, म्हणून बाजारमूल्याने भागलं की नवी कंपनी सोज्वळ दिसते, मालमत्तेने भागलं की तिचं खरं वजन दिसतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लिस्टिंगनंतरचं पहिलं वर्ष मी फक्त मालमत्तेचा अपूर्णांक बघतो. मतभेद असणारे असतील, असोत.

(ही 33 टक्क्यांची रेघ आली कुठून, यावरही वाद आहेच. बरेच जण 'एक तृतीयांश, आणि एक तृतीयांशही पुष्कळ' या हदीसकडे (प्रेषितांच्या वचनाकडे) बोट दाखवतात. ती हदीस प्रेषितांचे सहकारी साद बिन अबी वक्कास यांच्या मृत्युपत्राबद्दल आहे, कंपनीच्या कर्जाबद्दल नाही, हे टीकाकार आठवण करून देतात. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने तर 1992 च्या ठरावात म्हटलं होतं की मुख्य धंदा हलाल असला, तरी अधूनमधून व्याजाचे व्यवहार करणाऱ्या कंपनीत भागीदारी करायला मूळ नियमाने मनाईच आहे. हे सगळे टक्के म्हणजे नाइलाजाने दिलेली सवलत आहे, हे डोक्यात असलेलं बरं.)

आता माझी चूक. तीच मला सगळ्यात महाग पडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला लागलेली कंपनी नवा कारखाना उभारायला पैसे गोळा करत होती. कर्ज नगण्य, धंदा स्वच्छ, माहितीपत्रकाच्या आकड्यांवर ठिपका हिरवा. मी पुढे काही बघितलं नाही. लिस्टिंगनंतर चारेक महिन्यांनी एका सकाळी ठिपका लाल. मी घाबरलो, त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत सगळे शेअर 18 टक्के तोट्याने विकले आणि 'हरामातून सुटलो' म्हणून शांत झोपलो. मग ॲपसाठी शेअरांची शरीयत तपासणी करणाऱ्या कार्यालयाला कारण विचारलं. चार ईमेल. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आपोआप येणारं आभाराचं पत्र. तिसऱ्याला 'आमच्या पद्धतीनुसार निर्णय झाला आहे'. कुठली पद्धत, कुठला आकडा, कुठल्या तारखेचा ताळेबंद, काही नाही. फोनवरच्या माणसाने ताकाला तूर लागू दिली नाही, वर मलाच विचारलं, 'तुम्ही संस्था आहात की व्यक्ती?' व्यक्ती म्हटल्यावर आवाजच बदलला त्याचा. चौथ्या ईमेलला सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: तो शेअर नापास झालाच नव्हता. माहितीपत्रकावरून दिलेला ठिपका तात्पुरता होता, त्याची मुदत संपली होती, आणि लिस्टिंगनंतरचा ताळेबंद तपासून होईपर्यंत शेअर 'तपासणी बाकी' या रकान्यात होता. ॲपला हा तिसरा रकाना माहीतच नव्हता, जे हिरवं नाही ते सगळं लाल! पुढच्या तिमाहीनंतर ठिपका परत हिरवा झाला. माझे शेअर तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात सुखात होते.

पैसे गेले त्याचं इतकं वाईट वाटत नाही. धर्माच्या नावाने घाई केली आणि धर्माने ती मागितलीच नव्हती, हे लागतं. 'नापास' आणि 'अजून बघितलेलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या शेअरच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो, कारण पास शेअरांच्या याद्या ठरावीक वेळीच निघतात. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनची (तिथल्या शेअर बाजार नियामकाची) यादी वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. (त्यांची एक गोष्ट मात्र मला आवडते: लिस्टिंगच्या आधीच कंपनीची शरीयत तपासणी करून घेण्याची सोय तिथे आहे.) यादीत नाव नाही याचा अर्थ नापास असा होत नाही.

माझ्या कंपनीत खरा धोकाही होता म्हणा, तो मला नंतर कळला. कारखान्यासाठी जमा झालेला पैसा बांधकामाला लागेपर्यंत व्याजी मुदत ठेवीत पडून होता. आयोफीच्या मानकात व्याजी ठेवींनाही बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांची मर्यादा आहे आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांत लागतं. नव्याने पैसा उभारलेली छोटी कंपनी या दोन्ही ठिकाणी सहज घसरते, धंदा कितीही चांगला असला तरी. उलटही होतं. जी कंपनी आयपीओच्या पैशातून कर्ज फेडणार असते, ती आधीच्या ताळेबंदावर नापास दिसते आणि पुढच्यावर पास. म्हणून माहितीपत्रकात 'पैसा कशासाठी' हे प्रकरण आधी वाचा. ऑफर फॉर सेल असेल तर पैसा जुन्या मालकांच्या खिशात जातो, कंपनीच्या कर्जाचं ओझं तेवढंच राहतं. 'हलाल आयपीओ' म्हणून जाहिराती फिरवणारे हे कधीच सांगत नाहीत, त्यांचा मला भयंकर राग आहे.

तुमच्या हातात आता काय आहे, तर पहिलं म्हणजे ठिपका बदलल्याच्या दिवसाचा बंद भाव लिहून ठेवा. मलेशियाच्या त्याच कमिशनच्या शरीयत सल्लागार मंडळाचा नियम असा: पूर्वी पास असलेला शेअर नापास जाहीर झाला आणि तुम्ही नफ्यात असाल तर तो विकायचा, जाहीर झालेल्या दिवसाच्या बंद भावापर्यंतचा नफा तुमचा, त्यावरचा दानाला. पण तुम्ही तोट्यात असाल तर घातलेली रक्कम वसूल होईपर्यंत शेअर ठेवायला परवानगी आहे, मधला लाभांशही ठेवता येतो. मुळातच नापास असलेला शेअर चुकून घेतला असेल तर गोष्ट वेगळी, मग कळल्यापासून महिन्याभरात तो काढायचा. हा त्यांचा नियम आहे, सगळ्या आलिमांचा नाही. काही जण तोटा सोसूनही लगेच बाहेर पडायला सांगतात. तुम्ही ज्यांचं ऐकता त्यांना विचारा, पण विचारताना 'शेअर हराम झाला का' असं मोघम विचारू नका. अपूर्णांक कागदावर मांडून न्या. माझ्या अनुभवात बहुतेक मौलवींना ताळेबंद दाखवला की उत्तर बदलतं, निदान लांबतं तरी.

शुद्धीकरणाबद्दल, म्हणजे कमाईतला निषिद्ध वाटा काढून टाकण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मी हेही चुकवलं होतं. लाभांश मिळाला नाही म्हणजे काही द्यायचं नाही, असं मी समजत होतो. आयोफीच्या मानकात निषिद्ध उत्पन्नाला शेअरांच्या संख्येने भागून, हिशेबाचा काळ संपताना शेअर ज्याच्या नावावर असेल त्याने ती रक्कम काढायची असते, लाभांश वाटला असो वा नसो. त्याआधी विकणाऱ्यावर ते बंधन नाही. नव्या कंपनीत मुदत ठेवींचं व्याज पहिल्या वर्षी भरपूर असतं, त्यामुळे हा आकडा अगदीच फुटकळ नसतो.

आणि आयपीओला अर्ज करताना दलालाकडून व्याजाने पैसे उचलले असतील, तर ठिपक्याचा रंग बघून उपयोग नाही, तो व्यवहार तिथेच बिघडला. तुम्ही तसं केलं असेल असं म्हणत नाही, फक्त पुष्कळ जण करतात.

आज दोन्ही ॲपवाल्यांना एकच प्रश्न पाठवा: कुठल्या तारखेचा ताळेबंद, छेदात काय, आणि रेघ किती टक्क्यांची? 'तपासणी बाकी' असा रकाना आहे का तेही विचारा. उत्तर येईपर्यंत विकायचं बटण दाबू नका. आलं की आकडे इथे टाका, बेरीज-वजाबाकी मी करून देतो.