किब्बरचा पक्षी आणि चोर्ल्याचा पक्षी

नमस्कार. तुम्ही विचारले आहे की जूनमध्ये हिमाचलातल्या स्पितीतील किब्बर गावी दिसलेला चिमणीएवढा तपकिरी पक्षी कोणता, आणि गोव्याच्या सीमेवरील चोर्ला घाटात मागच्या डिसेंबरात दिसला होता तो तोच का. हे दोन निराळे पक्षी आहेत. दगडी कुंपणाच्या पायथ्याशी अन्न वेचणारा, ठळक पांढरी भुवई, काळपट गाल आणि फिकट जर्दाळू रंगाची छाती असलेला जो पक्षी तुम्ही वर्णन केला आहे, तो ब्राऊन ॲक्सेंटर. चोर्ल्यातला, बांबूच्या बेटाखाली चोचीने पाने उलथणारा आणि पांढऱ्या गळ्याखाली तपकिरी रेघा मिरवणारा, तो पफ-थ्रोटेड बॅब्लर, म्हणजे आपल्या सातभाईंचा दूरचा नातलग. ॲक्सेंटरला मराठीत रुळलेले नाव माझ्या ऐकण्यात नाही, त्यामुळे हाच शब्द वापरतो.

रंगावरून ओळखू गेल्यास ॲक्सेंटरच्या कुळात फसगत ठरलेली, कारण जवळजवळ सगळेच तपकिरी, राखाडी आणि रेघांचे. त्यापेक्षा चोच पाहावी. चिमणीची चोच दाणे फोडण्यासाठी जाड आणि शंकूसारखी असते. ॲक्सेंटरची टोकाला बारीक, अणकुचीदार, पण बुडाशी चांगली रुंद. दुसरी खूण चालीची. पाय दुमडून, पोट जमिनीला जवळजवळ टेकवून तो उंदरासारखा सरपटत्या उड्या मारत जातो आणि मधूनच पंख झटकतो. उत्तराखंडात तुंगनाथच्या वाटेवर एकदा अल्पाइन ॲक्सेंटर माझ्या बुटापासून दोन हातांवर आला होता. खालच्या चोचीच्या बुडाचा पिवळा रंग आणि गळ्यावरची काळी-पांढरी खवल्यांसारखी नक्षी दुर्बिणीशिवाय दिसत होती, आणि मी खाली सांडलेला पराठ्याचा चुरा संपेपर्यंत त्याने माझी काडीमात्र पर्वा केली नाही.

या कुळात एकूण बारा-तेरा जाती आहेत. त्या सगळ्या युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या काठाच्या; बहुतेक उंच डोंगरांतल्या. भारतात नियमित आढळणाऱ्या सातही हिमालयाच्या पट्ट्यात राहतात. सिक्कीमकडचा मरून-बॅक्ड ॲक्सेंटर मात्र उघड्या खडकांऐवजी दमट जंगलाच्या तळाशी वावरतो आणि त्याच्या अंगावर रेघाही नसतात.

गोव्यात हे का नाहीत, याचे सोपे उत्तर उंची असे आहे. आपला सर्वांत उंच डोंगर सोनसोगड सुमारे १,१६६ मीटर, आणि किब्बर गावच ४,००० मीटरच्या वर. पण तेवढ्याने भागत नाही, कारण उत्तरेकडचे कितीतरी पक्षी हिवाळ्यात चोडण बेटाच्या खाजनांत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल शेतांत, आणि आपल्या सड्यांवर उतरतातच. माझ्या मते खरी मेख ॲक्सेंटरच्या पोटात आहे. उन्हाळ्यात तो किडे खातो, आणि थंडीत किडे संपले की बियांवर येतो. अन्न साठवायला त्याच्या गळ्याशी पिशवी असते, बिया दळायला पोटात बळकट स्नायूंची पेषणी असते, आणि त्या दळणासाठी तो वाळूचे खडेही गिळतो. निव्वळ किड्यांवर जगणाऱ्याला दक्षिण गाठावी लागते; याला हिमरेषेच्या थोडे खाली, दरीतल्या गावाच्या आसपास उतरले तरी पुरते. हिमालयातल्या बहुतेक ॲक्सेंटरांचे स्थलांतर असे वरून खाली आणि खालून वर होते, म्हणून मधले मैदान ओलांडून सह्याद्रीपर्यंत येण्याची त्यांना गरजच पडत नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात की पक्षी ‘अगदीच साधा’ वाटला. या बाबतीत तुमच्या आधी मोठी माणसे फसली आहेत. युरोपातला डनॉक हा याच कुळातला, बागांमध्ये राहणारा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक आणि निसर्गलेखक एफ. ओ. मॉरिस यांनी त्याच्या साध्या, विनम्र राहणीचा कित्ता लोकांनी गिरवावा असे सुचवले होते. पुढे १९८० च्या दशकात पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निक डेव्हिस यांनी केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात पायांत रंगीत कडी घातलेल्या डनॉकांवर पाळत ठेवली, तेव्हा त्या साध्या संसाराचे वेगळेच रूप बाहेर आले. कुठे एक नर-एक मादी, कुठे एका मादीचे दोन नर, कुठे एका नराच्या दोन माद्या, तर कुठे दोन्हीकडे दोन-दोन. मीलनापूर्वी नर मादीच्या शेपटीखाली चोचीने टोचत राहतो, त्यामुळे ती आधीच्या नराचे वीर्य बाहेर टाकते. मग प्रत्यक्ष मीलन क्षणार्धात उरकते. ज्या नराला मीलनाची संधी जास्त मिळाली, तो पिल्लांना भरवण्यातही जास्त राबतो. दोन नर राबणार असतील तर पिल्ले जास्त जगतात, म्हणून दोघांनाही आशेवर ठेवणे मादीच्या हिताचे, आणि दुसऱ्याला हुसकावणे प्रमुख नराच्या हिताचे. ही ओढाताण मादीची सगळी अंडी घालून होईपर्यंत चालते. अल्पाइन ॲक्सेंटर तर आणखी पुढे गेलेला आहे. त्यात अनेक नर आणि अनेक माद्या एकाच टोळीत राहतात, आणि नरांना बोलावण्यासाठी माद्याही गातात. किब्बरच्या ब्राऊन ॲक्सेंटरला मात्र यावरून हेच वर्तन चिकटवू नका.

पुढच्या वेळी फेब्रुवारीत तुंगनाथच्या वाटेवरच्या चोपत्याला जा. झुडपांच्या बुडाशी नारिंगी छातीचा आणि नारिंगी भुवईचा रूफस-ब्रेस्टेड ॲक्सेंटर मिळेल, उघड्या उतारावर अल्ताई ॲक्सेंटरचे थवे दिसण्याचीही शक्यता असते. फोटो काढाल तो एका बाजूने, चोच दिसेल असा काढा. चोर्ल्यातल्या त्या दुसऱ्या पक्ष्यासाठी इतकी पायपीट नको. सकाळी वाटेच्या कडेला अर्धा तास न बोलता बसा, पक्षी दिसण्याआधी सुक्या पानांची खसखस ऐकू येईल.