लॉ केलं की कोर्टातच उभं राहावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की मुलीला बारावीनंतर लॉला जायचंय पण घरचे म्हणतायत काळा कोट घालून कोर्टाबाहेर अशील शोधत बसणार का. मी पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून पाच वर्षांचं बीएसएल एलएलबी केलंय आणि आता कंपन्यांची काँट्रॅक्ट्स बघते, कोर्टात वर्षातून एकदा जाते की नाही शंकाच आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आमचं कॉलेज १९२४ चं. सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड दोघंही इथलेच, विलासराव देशमुखही इथलेच. ही नावं कोणीही सांगेल. पण मुलीला करिअर निवडायचंय तर माझ्या बॅचची माणसं बघा. एक मित्र जेएमएफसीची, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा देऊन न्यायाधीश झाला, एक मैत्रीण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे, तुरुंगात जाऊन ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस घेते, एकजण निकालपत्रांचं मराठी भाषांतर करतो, आणि एकीने सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घेतला पण शिकवण्यातच रमली.

मला सगळ्यात आवडतं ते आमच्यातल्या एकीचं काम, ती साताऱ्याकडे जमिनीचे सर्च रिपोर्ट करते. म्हणजे तीस वर्षांचे दस्त, सातबारा, फेरफार सगळं उलगडून बघायचं की विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. जुन्या फेरफारावर बोट ठेवून ती ओळ ओळ वाचत होती, वारस नोंदीत दोन भावांची नावं, बाकी कोणी नाही. ती थांबली, म्हणाली बहिणी नव्हत्याच का यांना? गावात विचारलं तर दोन बहिणी, दोघी हयात, हक्कसोडपत्र कुठेच नाही. घेणारा दुसऱ्या दिवशी विसार देणार होता, त्याचे पैसे वाचले आणि त्या बहिणींनाही कळलं की आपला हिस्सा शाबूत आहे. यात ना कोर्ट ना काळा कोट, पण मला विचाराल तर हीच खरी वकिली.

आता घरच्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सिनियर वकिलाकडची पहिली दोन-तीन वर्षं अवघड जातात, हातात येतं त्यात शहरातलं रूमचं भाडं जेमतेम निघतं, आणि ज्याच्या घरात आधीपासून वकील आहे त्याला जे पटकन जमतं ते आपल्याला वेळ देऊन कमवावं लागतं. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेवा, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली आहे, त्यामुळे पास झाल्या झाल्या परीक्षा देता येणार नाही, तेवढा काळ घरचा आधार लागेल.

मुलीला लॉच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा फॉर्म भरू द्या. आणि सुट्टीत एखादा दिवस तिला तालुक्याच्या कोर्टात नेऊन मागच्या बाकावर बसवा, दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या कोणाकडून फेरफाराची एखादी नक्कल वाचायला आणा. या दोन्हीत तिचा जीव कुठे रमतो ते ती स्वतःच सांगेल.