कंपन्यांची नोंद पूर्वी कुठे होई?

प्रश्न : आजोबांच्या कपाटात 1948 सालचं एका मुंबईच्या कंपनीचं शेअर प्रमाणपत्र सापडलं. तेव्हा कंपन्यांची नोंद कोण करत असे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तेव्हा 1913 चा कंपनी कायदा लागू होता आणि नोंद रजिस्ट्रार या सरकारी अधिकाऱ्याकडेच होई. पण मुळात 1850 च्या पहिल्या कायद्यात हे काम मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या सुप्रीम कोर्टांकडे होतं. त्यात भागधारकाची जबाबदारी मर्यादित नव्हती. कंपनी बुडाली तर घरदार जाण्याची धास्ती. मर्यादित जबाबदारीची सवलत 1857 मध्ये आली आणि माझ्या मते खरा बदल तोच.

कंपनी सेक्रेटरी म्हणून माझी उमेदवारी मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीतल्या रजिस्ट्रार कार्यालयात खेटे घालण्यात गेली. फी भरून जुनी फाइल मागवायची, पिवळे पडलेले कागद जपून उलटायचे. घटनापत्राच्या (कंपनी स्थापन करतानाच्या मूळ दस्तऐवजाच्या) शेवटच्या पानावर संस्थापकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असे : नाव, पत्ता, व्यवसाय, किती शेअर. एखादी सही मोडीतसुद्धा. अशा पानांची नीट जपणूक व्हायलाच हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

2006 मध्ये एमसीए-21 ही सरकारची ऑनलाइन नोंद-व्यवस्था आली आणि कागद संगणकावर गेले. आता नव्या कंपनीची नोंदणी ऑनलाइनच होते.

तुमच्या कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा. सापडलं, तर 21 अक्षरी ओळख क्रमांक दिसेल. त्यात राज्याच्या खुणेनंतरचे चार आकडे म्हणजे स्थापनेचं वर्ष. पुढे ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली का, तेही तपासा.